सहा नंबरची आई: एनआयसीयूच्या दाराबाहेर सोबत कशी शोधायची आणि कशी टिकवायची

आमची लेक ३१व्या आठवड्यात झाली. वजन १,२८० ग्रॅम. पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, ३९ दिवस ती काचेच्या पेटीत होती आणि तेवढे दिवस मला नाव नव्हतं. सिस्टर दारातून विचारायच्या, ‘सहा नंबरची आई कोण?’ की मी उठायचे. पाच नंबरची आई सोलापूरकडची, आठ नंबरचे पप्पा टेम्पो चालवायचे, तीन नंबरची आजी दिवसभर माळ ओढत बसायची. आज सहा वर्षांनी पाच नंबरशी माझं सख्ख्या बहिणीसारखं आहे. एकीशी वर्षातून एकदाच बोलणं होतं. आणि एका माणसाशी मी तेव्हा जे वागले, त्याची अजून लाज वाटते.

एनआयसीयूत हात कसे धुवायचे, दूध कसं काढायचं हे शिकवायला माणूस असतो. शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या बाईशी काय बोलायचं हे मात्र कुणी सांगत नाही. आपण चुकतमाकत शिकतो, आणि तिथली चूक फार लागते. म्हणून हे सगळं क्रमानं लिहून काढते आहे. तुमचं रुग्णालय वेगळं असेल, जिल्हा रुग्णालयातला एसएनसीयू, म्हणजे आजारी नवजात बाळांचा सरकारी विभाग असेल; नियम थोडे बदलतील, माणसं तीच असतात.

पहिले तीन-चार दिवस: ओळखी करायला जाऊ नका

या दिवसांत आई बहुतेक वेळा तिथं नसतेच. ती टाके घेऊन वरच्या मजल्यावर, कधीकधी तर दुसऱ्याच गावच्या दवाखान्यात. बाळाला १०८ च्या गाडीत घालून बाप एकटा आलेला असतो. हातात फाइल, खांद्यावर कुणीतरी दिलेली पिशवी आणि डोकं बधिर. आत मॉनिटर वाजला की पोटात गोळा येतो. अशा वेळी नवी माणसं झेपत नाहीत.

एवढंच करा, सगळ्यात जास्त दिवस तिथं असलेलं कुटुंब कोणतं ते हेरून ठेवा. ते ओळखायला सोपं असतं: त्यांच्याकडं चटई असते, मोबाइल चार्जिंगला लावायची जागा ठरलेली असते आणि आया मावशी त्यांना नावानं ओळखतात. राउंडनंतर डॉक्टर किती वाजता भेटतात, रात्री दोन वाजता गरम पाणी कुठं मिळतं, कोणत्या सिस्टर समजावून सांगतात, ही माहिती त्यांच्याकडं असते. ती विचारणं हीच पहिली ओळख. याला मैत्री म्हणायची घाई नको.

माझ्यासाठी ते कुटुंब म्हणजे तीन नंबरची आजी. दुसऱ्याच दिवशी तिनं विचारलं, ‘पाचवीचं काय करणार गं?’ मी चिडले. बाळ नळ्यांत अडकलेलं आणि हिला पाचवी सुचतेय! ती काही बोलली नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी तिनं एक कोरा कागद आणि पेन माझ्या हातात दिलं. ‘पाटा-वरवंटा इथं कुठला. पर्समध्ये ठेव, उशाशी घेऊन झोप. सटवाईला लिहायला कागद लागतो.’ माझा या कशावर विश्वास नाही. पण त्या रात्री मी कागद उशाशी ठेवला, आणि बाळाच्या जन्मानंतर पहिल्यांदाच मला आपण बाळंतीण आहोत असं वाटलं. वॉर्डात अंगारा, काळा दोरा, काजळ काही चालत नाही. ते नेऊही नका. कागद पर्समध्ये राहू शकतो.

दूध काढायची खोली: खरी ओळख इथं होते

वेटिंग हॉलमध्ये सगळे नातेवाइकांच्या गराड्यात असतात, तिथं मैत्री होत नाही. ती होते दूध काढायच्या खोलीत. दर दोन-तीन तासांनी, दिवसाकाठी आठ वेळा, त्यातलं एकदा तरी रात्री दूध काढायचं असतं. म्हणजे त्याच चार-पाच बायका रोज आठ वेळा भेटतात. एवढ्या वेळा तर घरी सासूशी बोलणं होत नाही.

पण ही खोली धोक्याचीही आहे, कारण प्रत्येकीच्या हातात आकडे छापलेली बाटली असते. पहिल्या दिवशी माझं तळ झाकेल एवढं, मिलीभर चीक आला होता. शेजारणीची बाटली साठवर. मी उरलेला वेळ तिच्याच बाटलीकडं बघत होते, आणि बघत राहिलं की दूध आणखी अडतं. यावर पाच नंबरनं काढलेला तोडगा पुढं सगळ्या खोलीनं उचलला. बाळाला टोपरी येतच नव्हती, सगळी मोठी. तिनं धुतलेलं टोपरं पंपाच्या बाटलीला बाहेरून घातलं. आकडा झाकला गेला. मग आम्ही बाटलीकडं न बघता बोलायला लागलो. माझ्या मते खोलीत गेल्यावर पहिल्याच दिवशी करायची ही गोष्ट आहे.

दुसरी जागा कांगारूच्या खुर्च्यांची. बाळ उघड्या छातीशी घेऊन बसायची ही पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली, पेट्या कमी पडत होत्या म्हणून. आता जागतिक आरोग्य संघटना सगळ्याच कमी दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांसाठी ती सांगते, दिवसाला ८ ते २४ तास, शक्य तितक्या लवकर सुरू करून. बापही हे करू शकतो. आमच्याकडं आठ नंबरचे पप्पा सगळ्यात चिवट होते. छातीवर बाळ असताना फोन हातात घेता येत नाही, उठून जाता येत नाही. शेजारच्या खुर्चीशी हळू आवाजात बोलणं एवढंच उरतं. तिथं झालेल्या ओळखी टिकतात.

रुग्णालयानं स्वतःहून काही सोय केली आहे का, हेही विचारा. सरकारी एसएनसीयूंत आईबापांना आत घेऊन बाळाची काळजी घ्यायला शिकवावं, अशा मार्गदर्शक सूचना केंद्र सरकारनं २०१७ मध्ये काढल्या आहेत. ते शिकवणं अनेकदा चार-पाच जणांना एकत्र बसवून होतं. त्या बैठका चुकवू नका. कॅनडात आधी या अनुभवातून गेलेल्या, थोडं प्रशिक्षण दिलेल्या आयांची नव्या आयांशी जोडी लावून पाहिली होती. २००३ मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात सोबत मिळालेल्या आयांचा ताण चार आठवड्यांत कमी झालेला दिसला. आपल्याकडं अशी बांधलेली व्यवस्था क्वचितच. पण सिस्टरना किंवा समाजसेवा अधीक्षकांना सरळ विचारा, ‘असंच बाळ घरी घेऊन गेलेल्या कुणा आईशी बोलता येईल का?’ त्यांच्या डोक्यात दोन-तीन नावं असतातच. त्या आईची परवानगी घेऊन मगच नंबर मिळेल, आणि ते बरोबरच आहे.

पहिलं वाक्य

‘जेवलात का?’ यापेक्षा चांगलं पहिलं वाक्य मला सापडलेलं नाही. याचं उत्तर सगळ्यांना देता येतं आणि बहुतेक वेळा ते ‘नाही’ असतं. मग डबा उघडता येतो. तुम्ही ओली बाळंतीण असाल तर डब्यात डिंकाचे लाडू, अळीवाची खीर असतेच. समोरचीच्या घरून आलेलं नसतं, कारण तिचं घर चार तासांच्या अंतरावर आहे.

काय विचारू नये याची यादी मोठी आहे. वजन किती? काय झालंय? मुलगा की मुलगी? उपचार घेऊन राहिलं होतं का? आत्तापर्यंत किती लागले? आणि सगळ्यात वाईट, ‘पोटुशी असताना काही जड उचललं होतं का?’ हे तिला घरच्यांनी दहा वेळा विचारून झालेलं असतं. तिनं आपणहून सांगितलं तर ऐका. ‘माझ्यामुळंच झालं’ असं म्हणाली, तर ‘नाही गं’ म्हणून विषय बदलू नका. मीही रात्रभर तोच हिशेब मांडत बसते, हे तिला सांगा. मला पाच नंबरनं तेवढंच सांगितलं होतं.

आणि हो, काही माणसं टाळायचीही असतात. प्रत्येक वॉर्डाबाहेर एक जण असा असतो ज्याला सगळ्या वाईट गोष्टी ठाऊक असतात. ‘आमच्या गावात असंच एक बाळ होतं, बाराव्या दिवशी…’ अशी सुरुवात झाली की उठा. ‘दूध काढायची वेळ झाली’ हे कारण दिवसातून आठ वेळा वापरता येतं. बापांनी औषधाच्या दुकानाची चिठ्ठी खिशात ठेवावी.

कुणाशीच बोलावंसं वाटत नसेल, तर भिंतीकडं तोंड करून बसलात तरी चालेल. तिथं कुणी रागवत नाही.

वजनाचा काटा आणि माझी चूक

सकाळी वजन झालं की बाहेर आकडे फिरायला लागतात. माझी वीस ग्रॅमनं वाढली, त्यांचा दहानं उतरला. हे थांबवायचं तर काटा काय सांगतो ते आधी नीट समजून घ्या. कमी दिवसांचं बाळ पहिल्या आठवड्यात वजन गमावतंच, जन्मवजनाच्या १० ते १५ टक्क्यांपर्यंत. ते भरून यायला दहा-चौदा दिवस लागतात. पुढं किलोमागं दिवसाला १५ ते २० ग्रॅम वाढलं तर ठीक चाललंय असं धरतात. म्हणजे सव्वा किलोच्या आणि दोन किलोच्या बाळाची वाढ ग्रॅममध्ये सारखी असूच शकत नाही. त्यात एक २८ आठवड्यांचं, दुसरं पूर्ण दिवसांचं पण हृदयाचं दुखणं असलेलं, तिसऱ्याला जंतुसंसर्ग. पेट्या शेजारी आहेत म्हणून बाळं एका वर्गात नसतात.

मला हे कळत होतं, तरी चुकले. सतराव्या दिवशी लेकीचा ऑक्सिजन काढला. मी दारातून बाहेर आले आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं नवऱ्याला सांगितलं. समोर आठ नंबरचे पप्पा बसले होते. त्यांच्या बाळाला त्याच पहाटे पुन्हा व्हेंटिलेटर लावलं होतं, आणि ते मला माहीत होतं. ते म्हणाले, ‘बरं झालं ताई.’ उठून जिन्यात गेले. त्यानंतर ते आमच्या बाकावर कधी बसले नाहीत. माझी माफी मागायची राहूनच गेली. रोज वाटायचं, उद्या बोलू.

पाच नंबरनं आणि मी मग एक ठरवलं. आपल्या बाळाची चांगली बातमी समोरचीनं विचारल्याशिवाय सांगायची नाही, आणि समोरचीनं ‘आज नको’ म्हटलं की दोघी मिळून चहाला जायचं. ‘आज नको’ हा शब्द फार उपयोगी पडतो. पहिल्याच आठवड्यात ठरवून टाका.

काय द्यायचं, काय द्यायचं नाही

दूध द्यायचं नाही. हे मी ठासून सांगते, कारण मनानं चांगल्या बायका इथंच चुकतात. तुमचं उतू जातंय, तिला येत नाही, तिचं बाळ रडतंय. तरीही आपली बाटली तिच्या बाळासाठी देऊ नका. दुधातून काही संसर्ग जाऊ शकतात, आणि आजारी बाळाला ते झेपत नाहीत. त्यासाठी दूधपेढी असते. आशियातली पहिली मातृदूधपेढी १९८९ मध्ये मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. पेढीत देणाऱ्या आईच्या रक्ताच्या तपासण्या होतात, दूध ६२.५ अंश सेल्सियसवर ३० मिनिटं तापवून निर्जंतुक करतात आणि मगच ते बाळाला मिळतं. जास्तीचं दूध तिथं द्या.

पंपाचे भाग, वाटी-चमचा, टोपरी, दुपटी यांचीही देवाणघेवाण वॉर्डात नको. दुसऱ्याच्या बाळाचा मॉनिटर वाजला तर सिस्टरना हाक मारा. काचेत हात घालू नका, फाइल चाळू नका. ‘आमच्या बाळाला अमुक इंजेक्शन दिलं, तुम्हीपण मागा’ हे तर अजिबात नाही. त्याऐवजी एकमेकांना प्रश्न लिहायला मदत करा. डॉक्टर समोर आले की सगळं विसरायला होतं. आम्ही एक वही ठेवली होती. डावीकडं माझे प्रश्न, उजवीकडं तिचे. तिला इंग्रजी शब्द अडायचे, मला धीर कमी पडायचा. ती शेजारी उभी असली की मला विचारता यायचं.

मोकळेपणानं द्यायची गोष्ट म्हणजे पैशांच्या वाटांची माहिती. सरकारी रुग्णालयात आजारी बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या आणि ने-आण जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहेत. २०११ मध्ये ही सोय पहिल्या ३० दिवसांपुरती होती, नंतर वर्षापर्यंत वाढवली. खासगीत असाल तर ते रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का, हे तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला विचारा. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. पाच नंबरच्या घरच्यांना हे विसाव्या दिवशी कळलं, तेही चहाच्या टपरीवर दुसऱ्या एका बापाकडून. तोवर तिच्या पाटल्या गेल्या होत्या.

उसने पैसे मात्र शक्यतो देऊ-घेऊ नका. डबा द्या, रिक्षा वाटून घ्या, तिचा नवरा गावाकडं गेला असेल तर रात्री औषधं आणून द्या.

व्हॉट्सॲपचा ग्रुप काढायचाच तर चार-पाच घरांचा. दुसऱ्याच्या बाळाचा फोटो नाही, घरगुती उपाय नाहीत, सकाळचे सुविचार नाहीत.

मैत्रीण गप्प झाली तर

दोन आठवडे उलटून गेले आणि ती जेवत नाही, बाळ पेटीत शांत असतानाही झोपत नाही, बाळाकडं बघायला आत जात नाही, ‘मी नसले तर बरं’ असं काही बोलते. तर हे नुसतं बाळंतिणीचं हळवेपण समजू नका. घरच्यांच्या आधी हे दूध काढायच्या खोलीतल्या मैत्रिणीला कळतं. सिस्टरना सांगा, तिला एकटीला सोडू नका. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी मदतवाहिनीचा नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. तिच्या शेजारी बसून तुमच्या फोनवरून लावा.

सुट्टी होते तेव्हा, आणि नाही होत तेव्हा

आपल्या बाळाला सुट्टी मिळणार हे मैत्रिणीला आदल्या दिवशी, एकटीला गाठून सांगा. पिशव्या भरलेल्या तिला दिसू नयेत. पेढे आत सिस्टरना द्या. बाकावर वाटत फिरू नका. आजोबा ऐकत नाहीत, त्यांच्या हातून डबा काढून घ्या.

आता कठीण भाग. तीन नंबरचं बाळ गेलं. सव्विसावा दिवस होता, दुपार. आम्हाला कुणी सांगितलं नाही. पेटीवरचा पडदा ओढलेला दिसला आणि आजीची माळ बाकावर तशीच पडलेली. मला पळून जावंसं वाटलं. आपलं बाळ जिवंत असल्याची शरम वाटते, आणि हे आपल्यालाही लागेल अशी भीती. अशा वेळी वॉर्डाबाहेरची बहुतेक माणसं पांगतात. ती दुष्ट नसतात, घाबरलेली असतात.

तुम्ही थांबा. बोलायचं असेल तर बाळाचं नाव घेऊन बोला. बारसं झालेलं नसलं तरी घरात हाक मारायचं काहीतरी नाव असतं. ‘देवाची इच्छा’, ‘वय लहान आहे, दुसरं होईल’, ‘सुटलं बिचारं’ यातलं काहीही नको. हातानं करायची कामं भरपूर असतात: बिलाच्या खिडकीवर घरच्या माणसासोबत उभं राहणं, गाडी ठरवणं, दूध काढायच्या खोलीतून तिच्या बाटल्या आणि सामान आणून देणं. ते घ्यायला तिला स्वतःला आत जावं लागू नये.

एक गोष्ट मला पाच नंबरमुळं कळली. बाळ गेलं तरी दूध येतं. छाती भरून दुखते, ताप येतो, आणि घरात त्यावर कुणी बोलत नाही. आराम वाटेल एवढंच थोडं काढायचं, घट्ट पण न आवळणारे कपडे, थंड पट्ट्या, आणि लाली किंवा ताप असेल तर डॉक्टर. हे पाच नंबरनं तीन नंबरच्या सुनेला जिन्यात उभं राहून सांगितलं. मी नुसती पिशवी धरून उभी होते.

नंतर फोन करायचा का? करायचा, पण तिच्या हातात दार ठेवून. ‘उचलू नकोस, नुसती आठवण आली’ असा निरोप पुरतो. आपल्या बाळाचे फोटो तिला दिसतील असे स्टेटसला लावू नका. माझा फोन तिनं आठ महिने उचलला नाही. नवव्या महिन्यात तिनं स्वतः केला, बाळाच्या तारखेला. आता दरवर्षी त्याच दिवशी येतो. आम्ही फार बोलत नाही. ती विचारते, ‘तुझी केवढी झाली?’ आणि मला खरं उत्तर द्यावं लागतं.

घरी गेल्यावर

घरी आल्यावर पंधरा दिवस कुणालाच कुणाचं सुचत नाही, आणि अशा घरांत तर बाहेरच्यांना बाळाजवळ येऊही देत नाहीत. मैत्री फोनवर ठेवा. एकमेकींच्या बाळांची तुलना करायचा मोह आता नव्यानं होतो: मान कधी धरली, कधी बसलं. कमी दिवसांच्या बाळाचं वय अपेक्षित तारखेपासून मोजायचं असतं. माझी लेक नऊ आठवडे आधी आली, तर तेवढे आठवडे वजा.

जिथं पुन्हा गाठ पडते ती जागा म्हणजे डोळ्यांच्या पडद्याची तपासणी. ३४ आठवड्यांच्या आधी किंवा दोन किलोच्या आत जन्मलेल्या बाळांची ही तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हायलाच हवी, फार लवकर आलेल्यांची त्याही आधी, आणि मग डॉक्टर सांगतील तितक्या वेळा. पहिली बहुतेक वॉर्डातच होते. पुढच्या फेऱ्या चुकवणारी घरं खूप, कारण बाळ वरून ठणठणीत दिसतं. पाच नंबर आणि मी तारखा एकच मागून घेतल्या. ती सोलापूरहून पहाटेच्या गाडीनं यायची, मी स्टँडवर जायचे.

त्या दिवसाची तयारी अशी. डोळ्यांची बाहुली मोठी करायचे थेंब थोड्या-थोड्या वेळानं दोन-तीनदा घालतात, त्यामुळं तास-दीड तास मोडतो. तपासणीच्या लगेच आधी दूध पाजू नका; किती वेळ आधी थांबायचं ते सिस्टरना विचारा. एक जास्तीचं दुपटं, एक कुंची. तपासताना बाळ फार रडतं, तेव्हा आईनंच आत थांबायला हवं असं नाही. आमच्यात माझ्या लेकीला ती धरायची, तिच्या मुलाला मी. आणि बाहेर रांग मोठी असते, कँटीन लांब. डबा कोण आणणार ते आदल्या रात्रीच फोनवर ठरवून ठेवा.